मेहर म्हणून मिळालेले लोखंड

मी, फरिदा गुलजार मुलाणी, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा जुन्या मोटारसायकलींचे सुटे भाग विकणे, राहणार निमगाव केतकी, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता असे विचारले, मी "बाजाराचा" म्हणाले, तेवढ्यावर त्यांची खात्री पटली. माझ्या छातीत पाणी होते आणि चार पावले चालले की दम लागतो, पण त्याचा डोक्याशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला जे यायचे ते येऊन गेले आहेत, त्यांची हकीकत पुढे येईल.

हा मजकूर इंदापूरच्या वकील स्वरूपा राऊत यांनी तपासला आहे. त्यांनी बऱ्याच ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारून "हे कोर्टाला लागत नाही" असे लिहिले होते. कोर्टाला लागत नसेल, मला लागते. रेघा मी पुसून टाकल्या आहेत.

कलम १. माझे वारस.

माझे पती गुलजार वारले आहेत. मला तीन मुले. थोरला अरफात, पुण्यात भाड्याची गाडी चालवतो. मधली अल्फिया, बारामतीला दिली आहे. धाकटा साद, त्याचे इंदापुरात मोबाइलचे दुकान आहे. या तिघांखेरीज माझ्या घरात मेहरीन राहते. मेहरीन ही अरफातची पहिली बायको. त्यांचा तलाक झालेला आहे. कायद्याने ती माझी कोणी लागत नाही. हे मृत्युपत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे. सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांना शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसावे लागू नये.

कलम २. माझ्या मालकीचे काय आहे आणि ते माझे कसे झाले.

राहते घर, त्याच्या पुढची रस्त्याकडची मोकळी जागा आणि मागचे पत्र्याचे शेड हे सगळे माझ्या वडिलांकडून मला आलेले आहे. उताऱ्यावर माझे एकटीचे नाव आहे.

शेडमधल्या मालाची गोष्ट वेगळी. गुलजार जुन्या गाड्या विकत घ्यायचे, सोडवायचे आणि त्यांचे भाग विकायचे. ते गाडी सोडवायचे, मी भाग रॉकेलमध्ये धुवायचे, पुसायचे आणि तारेत ओवून खिळ्याला लावायचे. कुठला गिअर कुठल्या गाडीचा, हे मला नुसत्या हाताने कळते. पण पाना त्यांनी मला कधी धरू दिला नाही. म्हणायचे, "बाईनं हात काळं करू नयेत." माझे हात कोपरापर्यंत काळेच असायचे. ते दाखवले की म्हणायचे, "ते धुण्यानं काळं झाल्यात. ते निराळं." माणूस वाईट नव्हता. एवढ्या एका बाबतीत मात्र ते वारले तरी माझा राग गेलेला नाही.

निकाहात बायकोला द्यायची म्हणून कबूल केलेली मेहर त्यांनी कधी दिली नव्हती. शेवटच्या दुखण्यात त्यांनी जमातीतल्या दोघांना बोलावले आणि लिहून दिले की शेडमधला सगळा माल मेहरच्या बदल्यात फरिदाचा. अरफात हसला. म्हणाला, "अम्मी, लोकांच्या बाया मेहरमधी सोनं घेत्यात."

मी म्हणाले, "सोनं तुमी लोक दुसऱ्या दिवशी गहाण टाकता. लोखंड कोण नेणार?"

हे मी गमतीने बोलले होते. न्यायला तोच टेम्पो घेऊन आला.

कलम ३. मेहरीन माझ्या घरात का आहे.

अरफातने तलाक रीतसर दिला. मेहर दिली, इद्दतीचा, म्हणजे तलाकनंतरच्या तीन महिन्यांचा, खर्च दिला. त्यात मी खोट काढत नाही. खोट आधीची आहे. तो पुण्याला गेला, तिथे त्याला दुसरी कोणी आवडली, आणि जाताना घरातली मोटारसायकल घेऊन गेला. ती मेहरीनच्या बांगड्या मोडून घेतलेली होती.

मेहरीनचा भाऊ अकलूजहून तिला न्यायला येणार होता. तिने बॅग भरून दारात ठेवली होती. मी ती बॅग उचलून माळ्यावर टाकली. तिच्या वहिनीने फोनवर काय बोलून दाखवले होते ते मी शेजारच्या खोलीतून ऐकले होते. भाऊ आला, जेवला, एकटा परत गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावरून ओझे उतरलेले दिसत होते.

मग जमातीतले एक बुजुर्ग आले. ते आता हयात नाहीत म्हणून नाव लिहीत नाही.

"ही पोरगी आता हितं कोण म्हणून ऱ्हाणार? सून न्हाय, लेक न्हाय."

"भाडेकरू समजा," मी म्हणाले.

"भाडं किती?"

"माफ केलंय."

ते चहा न घेता उठले. चहा मग आम्ही दोघी प्यालो. त्यानंतर कोणी विचारायला आले नाही, माघारी मात्र पुष्कळ बोलले.

कलम ४. मोटारसायकल कशी झाली.

या कलमाखाली वकीलबाईंनी सर्वांत जाड रेघ मारली होती. पण मोटारसायकल कोणाची, यावरून माझ्या मागे भांडण होणार हे मला दिसते आहे, तेव्हा ती कोणी बनवली हे लिहून ठेवणे भाग आहे.

मेहरीन बारामती एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. एसटीने जायची-यायची. मग तिला सकाळची पहिली पाळी लावली. निमगावहून निघालेली पहिली एसटी पोचेपर्यंत पाळी सुरू होऊन जायची. कारखान्यातला मुकादम म्हणाला, गाडी घ्या नाहीतर दुसरे काम बघा. साद घरी आला होता, तो म्हणाला, "भाभी, सोडा नोकरी. मी हाय की. बघतो मी."

मेहरीन म्हणाली, "काय बघता?"

 साद मनाने चांगला आहे, पण त्याचे "बघतो" हे बघण्यापाशीच थांबते.

त्या रविवारी आम्ही दोघी शेडमध्ये माल आवरत होतो. मेहरीन खिळ्यांना लटकलेल्या भागांकडे बघत उभी राहिली.

"अम्मी, हितं किती गाड्यांचं तुकडं हायत?"

"कुणी मोजलंय?"

"मग त्यातनं एक गाडी व्हायला काय हरकत हाय?"

"आन् जोडणार कोण?"

 भिंतीवरचा गुलजार यांचा पाना तिने काढला आणि माझ्या हातात दिला.

सांगाडा होता तो गुलजार यांच्या स्वतःच्या जुन्या गाडीचा. तेवढ्या एकाच सांगाड्याचे कागद घरात होते. आधी ती गाडी वारसाने माझ्या नावावर करून घ्यावी लागली. त्यासाठी तिन्ही मुलांची संमती लागते. साद आणि अल्फियाने सही केली. अरफातनेही केली, आणि "भंगाराला वारस करतीय अम्मी" असे सगळ्यांना सांगत सुटला. ती सही मूळ कागदांसोबत जपून ठेवली आहे.

इंजिने शेडमध्ये होती, पण बिनकागदाची. बिनकागदाचे इंजिन लोक चोरीचे समजतात आणि त्यांचे काही चुकत नाही. म्हणून त्याच कंपनीचे, पुराच्या पाण्यात बुडालेल्या एका गाडीचे इंजिन बारामतीहून पावतीसकट आणले. ते आतून गंजून आवळले होते, किक जागची हलत नव्हती. प्लगच्या भोकातून आत डिझेल ओतून ठेवले आणि रोज लाकडाचा ठोकळा लावून हळूहळू ठोकत राहिलो. एका दुपारी पिस्टन खसकन खाली सरकला. मेहरीन इतक्या जोराने ओरडली की शेजारच्या कुशाबाई साप निघाला समजून काठी घेऊन धावत आल्या. इंजिन आहे हे बघितल्यावर काठी टेकून म्हणाल्या, "साप बरा व्हता."

सांगाड्याला खालच्या बाजूने चीर होती. ती आम्हाला भरता येणार नव्हती. पिंपळीचे म्हस्कूतात्या देवकाते उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करतात, गुलजार यांचे जुने दोस्त. त्यांनी चीर भरून दिली आणि हात पुसत म्हणाले, "भाभी, एवढंच. बाकीला मी हात लावणार न्हाय."

मला राग आला. म्हणाले, "का हो तात्या? बाया बनवत्यात म्हणून?"

"मी जोडली तर गाव म्हणंल म्हस्कूनं जोडली. तुमी जोडा. चुकलं तर सांगीन."

आणि खरेच, ते सुट्टीच्या दिवशी येऊन उलट्या बादलीवर बसायचे, तंबाखू मळायचे आणि चुकले तरच तोंड उघडायचे. त्यांनी एकच नियम घातला होता: ब्रेकचे लायनर, चेन आणि टायर जुने घालायचे नाहीत. बाकी सगळे शेडमधले. टाकी एका गाडीची, चाके दुसरीची, दिवा तिसरीचा. मेहरीन मोबाइलवर व्हिडिओ बघून सांगायची, मी हाताच्या अंदाजाने करायचे, आणि आमची भांडणे व्हायची. क्लचच्या प्लेटी मी माझ्या म्हणण्याप्रमाणे बसवल्या तर गिअर पडेना. तिच्या म्हणण्याप्रमाणे बसवल्या तरी पडेना. तात्या बादलीवरून म्हणाले, "दोगी बी चुकताय." पुढचे चाक आऱ्या भरल्यावर साप चालल्यासारखे डुलायचे. एकेक आरी आवळत, सैल करत ते मेहरीनने सरळ केले, तिथे माझा धीर पुरला नाही. ती ठेंगणी आहे, तिचे पाय टेकेनात, म्हणून सीटमधला फोम कापून ती खाली घेतली. रंग तात्यांकडे ट्रॉलीला मारून उरलेला नारिंगी होता, तोच टाकीला, झाकणांना, सगळीकडे मारला.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली तो बाजाराचा दिवस होता. मुद्दाम तोच निवडला होता. बाजारातले चहावाले आप्पासाहेब सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "ही गाडी बारामतीपत्तूर गेली तर मिशी काढीन." मेहरीनने किक मारली. गाडी सुरू झाली. बाजाराच्या टोकापर्यंत छान गेली आणि बंद पडली. पुन्हा किक मारली तर थोडे चालून पुन्हा बंद. सगळ्या बाजारातून आम्ही दोघींनी ती ढकलत परत आणली. लोक हसत होते. एक पोरगा म्हणाला, "चाची, भंगार परत भंगारात." मेहरीनच्या डोळ्यांत पाणी होते, पण तिने हँडल सोडले नाही आणि मान खाली घातली नाही. मी तर मुद्दाम आप्पासाहेबांच्या दुकानावरूनच गाडी नेली. लांबचा रस्ता होता तो.

दोन दिवस आम्ही सगळे पुन्हा सोडवून बघितले. कार्बोरेटर साफ, प्लगला ठिणगी चांगली, पेट्रोल भरपूर. मग मेहरीनने टाकीचे झाकण उघडून ठेवले आणि गाडी चालू केली, तर ती बंदच पडेना. झाकण लावले की थोड्या वेळाने बंद. झाकणाला हवा आत घ्यायला बारीक भोक असते, ते आम्ही मारलेल्या नारिंगी रंगाने बुजले होते. हवा आत जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली येत नव्हते. मेहरीनने टाचणीने भोक मोकळे केले. आम्ही दोघी शेडच्या दारात बसून पोट दुखेपर्यंत हसलो. अरफात गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

कलम ५. कागदपत्र.

गाडी रीतसर आहे. कोणी बेकायदेशीर म्हणून तक्रार केल्यास हे कलम दाखवावे. आम्ही ती तपासणीला बारामतीच्या आरटीओत नेली तेव्हा साहेबांनी परत पाठवली. पुढचे शॉकअप दुसऱ्या कंपनीचे होते, मागचे कॅरिअर बाहेर येत होते, बदललेल्या रंगाचा अर्ज नव्हता. त्यांचे बरोबर होते. तरी घरी येईपर्यंत मी त्यांना शिव्या दिल्या, त्या मागे घेत नाही. त्याच कंपनीचे शॉकअप इंदापुरात शोधून काढले, कॅरिअर कापले, अर्ज केला आणि पुन्हा गेलो.

साहेबांनी इंजिनचा नंबर पावतीशी ताडून बघितला. मेहरीनला गाडी चालवून ब्रेक मारायला लावला. मग विचारले, "मिस्त्री कोण तुमचा?"

"आमीच," मेहरीन म्हणाली.

"दोघी? नातं काय तुमचं?"

मी उत्तर जुळवत होते. भाडेकरू म्हणावे की काय, असेही डोक्यात आले. मेहरीनने माझ्याकडे न बघता सांगितले, "अम्मी हायत माझ्या."

साहेबांनी सही केली. पंधरा वर्षे उलटून गेलेली नोंदणी नवी झाली. त्यानंतर मेहरीनची एकही पाळी चुकलेली नाही.

कलम ६. अरफात आणि टेम्पो.

पुढे आमच्या घरासमोरचा रस्ता रुंद झाला आणि जागेला भाव आला. अरफातचे फोन वाढले. घर विकू, तू पुण्याला चल, असे सुरू झाले. मी नाही म्हणाले. मागच्या वर्षी एका सकाळी तो टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. सोबत बिरदेव नावाचा भंगारवाला होता, मोठा वजनकाटा घेऊन आलेला. अरफातचे म्हणणे, शेड मोकळे झाले की तुझा जीव त्यातून निघेल.

"माल माझा हाय," मी म्हणाले.

"अब्बांचा हाय."

"अब्बांनी मेहरमधी दिलाय. तू हसला व्हतास, आठीव."

तो माझ्या बाजूने आत शिरला. मेहरीनला त्या दिवशी सुट्टी होती, मोटारसायकल शेडच्या मधोमध उभी होती. त्याने तिच्या हँडलला हात घातला आणि बिरदेवला म्हणाला, "ही पयली घे."

मला तेव्हाही दम लागायचा. मी भिंत धरत गेले, पदर खोचला आणि गाडीवर चढून बसले. आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या जागेवर बसले. मला गाडी चालवता येत नाही, पण किक मारता येते. गाडी सुरू केली. पत्र्याच्या शेडमध्ये असा आवाज घुमला की अरफात दोन पावले मागे सरकला.

मी म्हणाले, "बिरदेव, लाव काटा. पर मी उतरणार न्हाय. मला धरून वजन कर, आन् भाव लोखंडाचाच लाव."

बिरदेवने अरफातकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काटा उचलून टेम्पोत ठेवला. "चाची, मी जित्ता माल घेत न्हाय," म्हणाला, आणि जाऊन टेम्पोत बसला.

अरफात खाली बादलीवर बसला. त्याचे तोंड लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे झाले होते. "अम्मी, तुझ्या पोटचा मी हाय का ती?"

"पोटचा तूच. म्हणून तर एवढं ऐकून घेतीय. दुसरा कुणी आसता तर पाना फेकून मारला आसता."

मेहरीन दारात उभी होती. ती घरात गेली आणि तिने तांब्याभर पाणी आणून त्याच्यासमोर ठेवले. तो पाणी प्याला. उठताना त्याने टाकीवरून एकदा बोट फिरवले, गुलजार नवीन माल आला की फिरवायचे तसे. मेहरीनला विचारले, "ॲव्हरेज किती देती?"

"चांगलं देती," ती म्हणाली.

तो गेला. त्यानंतर ईदेला फोन करतो, येत नाही. अरफात, तू हे वाचशील तेव्हा मी नसेन. तू आलास तर दार उघडे होते. टेम्पो मात्र बाहेरच ठेवायचा होता.

कलम ७. वाटणी.

आमच्या कायद्याप्रमाणे मला माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतेच मृत्युपत्र करता येते. उरलेले दोन हिस्से वारसांचे. ते मी कोणाचे कमी करत नाही, कायदाही करू देत नाही. राहते घर आणि पुढची जागा अरफात, साद आणि अल्फिया यांना मिळावी, मुलांना दोन-दोन वाटे, मुलीला एक. या एका वाट्याबद्दल माझे स्वतःचे मत आहे. ते इथे लिहून उपयोग नाही म्हणून अल्फियाला तोंडी सांगितले आहे. शिलाईमशीन आणि माझे कानातले मी तिला हयातीतच दिले आहेत, त्याचा हिशोब कोणी मागू नये.

मागचे शेड, त्याची जागा, तिथे जायची बोळवजा वाट आणि आतला सगळा माल, हत्यारे, गुलजार यांच्या पान्यासकट, मी मेहरीनला देते. हे सगळे तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसते, वकीलबाईंनी तसे काढून दिले आहे. मेहरीन माझी वारस नाही, म्हणूनच तिला देण्यासाठी मला कोणाची परवानगी लागत नाही. ज्यांनी "ती तुमची कोण?" असे विचारून माझे कान किटवले, त्यांचे मी इथे आभार मानते. ती माझी कायद्याने कोणी नाही, हे त्यांनीच इतक्यांदा सांगितले की माझा मार्ग मोकळा झाला.

मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकील स्वरूपा राऊत यांनी करावे.

कलम ८. किरकोळ.

चहावाले आप्पासाहेब यांना एक नवा वस्तरा विकत घेऊन द्यावा. गाडी बारामतीला जाऊन-येऊन वर्षे झाली, मिशी अजून आहे.

म्हस्कूतात्या आणि कुशाबाई यांना काही देता येत नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलबाई म्हणतात. कुशाबाईंना मी साक्षीदार बदलू का विचारले. त्या म्हणाल्या, "मला तुझं काय नगं. पर कागदावर सही माझी पायजे."

मुकादमाला काही नाही. माळ्यावरच्या मेहरीनच्या त्या बॅगेत आता नटाखालचे लोखंडी वायसर भरले आहेत, ती खाली काढताना जपून काढावी.

कलम ९. अट.

या उन्हाळ्यात मेहरीनसाठी स्थळ आले. माणूस तिच्याच कारखान्यात बॉयलरवर आहे, बायको वारलेली, बोलण्यात सरळ वाटला. मेहरीनला तो आवडलेला आहे हे मला तिच्या चहा गाळण्यावरून कळले, तीन कपांत साखर घालायची विसरली. तरी तिने नाही म्हणून सांगितले. मी विचारले, का? तर म्हणाली, "मग तुमास्नी कोण बघणार?"

अरफातवर आला नव्हता इतका मला तिच्यावर राग आला. मी तिला म्हणाले, "मी तुला घरात ठिवलं ते मला बघायला न्हाय. तशी बाई पगारानं मिळती." ती रडली. मीही रडले, पण शब्द मागे घेतला नाही. तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

वकीलबाईंनी सुचवले होते की "मेहरीन या घरात राहील तोपर्यंत" असे घालावे, म्हणजे पुढे मुले वाद घालणार नाहीत. मी नको म्हणाले. आजवर मला जे मिळाले ते सगळे अटीवर मिळाले. वडिलांनी जागा दिली ती नवऱ्याला सोडणार नाही या अटीवर. नवऱ्याने माल दिला तो पान्याला हात लावणार नाही या अटीवर, आणि तीही अट ते मेल्यावर सुटली. कोणाला तरी काहीतरी बिनअटीचे मिळालेले मला बघायचे आहे.

म्हणून लिहिते: मेहरीनने निकाह करावा किंवा करू नये. शेड चालवावे, भाड्याने द्यावे, विकून टाकावे. निमगावात राहावे किंवा अकलूजला जावे, नाहीतर जिथे तिला वाटेल तिथे. माझी कबर बघायला यावे अगर येऊ नये. कशानेही तिचा हिस्सा कमी होणार नाही, आणि तसे कोणी म्हटल्यास हे कलम त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे.

कलम १०. मोटारसायकलबाबत.

मोटारसायकल या मृत्युपत्रात नाही. मागच्या आठवड्यात मी ती मेहरीनच्या नावावर करून दिली. आज सकाळी गाडीचे पुस्तक तिच्या हातात पडले. ती म्हणाली, "अम्मी, एवढी घाई कशाला?" मी म्हणाले, "मेल्यावर दिली तर रडत रडत चालवशील. आत्ता चालव."

साद मोटार पाठवतो म्हणाला होता. मी त्याला नको म्हणून सांगितले आणि मेहरीनच्या मागे बसून इंदापूरला वकीलबाईंच्या माडीवरच्या ऑफिसात आले. रस्त्यात दम लागला तेव्हा तिला थांबू दिले नाही. आता ती खाली रस्त्यावर उभी आहे. आज तिची दुपारची पाळी आहे आणि मला घरी सोडून तिला बारामती गाठायची आहे. बॉयलरवाल्याला तिने पाळी सुटल्यावर कारखान्याच्या गेटवर थांबायला सांगितले आहे, हे तिने मला येताना गाडीवर, मागे न बघता, वाऱ्यात ओरडून सांगितले. मी ऐकले नाही असे दाखवून पुन्हा एकदा सांगायला लावले.

हॉर्न वाजतो आहे. सही करते.

ठिकाण: इंदापूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) फरिदा गुलजार मुलाणी

आम्ही खाली सही करणार लिहून देतो की फरिदाभाभींनी वरील सर्व पाने आम्हाला वाचून दाखवली आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. सही करून झाल्यावर त्या आमच्या चहाला न थांबता, कठडा धरत, आपल्या आपण जिना उतरून गेल्या.

साक्षीदार १. (सही) म्हस्कू धोंडिबा देवकाते, राहणार पिंपळी, तालुका बारामती

साक्षीदार २. (सही) कुशाबाई संभाजी भोंग, राहणार निमगाव केतकी, तालुका इंदापूर